मध्येच बंद पडणारं आउटबोर्ड: कार्ब्युरेटर उघडण्याआधी काय बघायचं

आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागच्या कडेला लावायचं मशीन, मुळात सुरूच होत नसेल तर काम सोपं. बिघाड जागेवर असतो, एकेक बघत गेलं की हाती लागतो. डोकं खातं ते दुसऱ्या जातीचं मशीन. दहा-पंधरा मिनिटं झकास चालतं, मग दबतं, बंद पडतं, थोडा वेळ थांबून दोरी ओढली की काही झालंच नाही असं सुरू होतं. आणि मिस्त्रीकडे नेलं की पाण्याच्या पिंपात तासभर निमूट चालतं. मिस्त्री कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) साफ करतो, प्लग बदलतो. दोन दिवसांनी मालकाचा फोन: "काल बरां चलत होतां, आज परत बंद पडलां."

मालवण, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यात ही तक्रार सगळ्यात जास्त येते ती पावसाळा संपताना. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, पर्यटनाच्या होड्या त्याहूनही उशिरा पाण्यात उतरतात. तोवर मशीन शाकारलेल्या होडीवर नाहीतर पडवीत टांगलेलं, टाकीत मे महिन्यातलं पेट्रोल तसंच. इथे लिहितोय ते मुख्यतः फायबरच्या होडीवरच्या कार्ब्युरेटरवाल्या टू-स्ट्रोक आउटबोर्डबद्दल, ज्याची टाकी वेगळी असते आणि रबरी नळीने मशीनला जोडलेली असते. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या होड्यांवर तेच आहे.

माझं मत ठाम आहे. अशा मशीनचा दोष बहुतेक वेळा मशीनमध्ये नसतोच. तो टाकीच्या झाकणापासून मशीनच्या जोडापर्यंतच्या वाटेत असतो, आणि तो दिसतो फक्त मशीन बंद पडत असतानाच्या अर्ध्या मिनिटात. किनाऱ्यावर आणून उघडलं की तो लपलेला असतो. म्हणून आधी पाना बाजूला ठेवा आणि दोष चालू होडीत पकडा.

पण कुठे पकडायचा, हे आधी ठरवा. देवबागच्या संगमावर, जिथे कर्ली नदी समुद्राला मिळते आणि वाळूच्या पट्टीवर लाट फुटते, तिथे ही चाचणी कधीही घेऊ नका. ओहोटीला पाणी बाहेर ओढतं आणि बंद पडलेली होडी लाटेला आडवी होते. खाडीत आत, भरती चढत असताना घ्या. पहाटे मतलई वारा होडीला किनाऱ्यापासून बाहेर नेतो, तेही ध्यानात असू द्या. नांगराला दोरी बांधलेली, दोन वल्ही होडीत, सगळ्यांच्या अंगात जॅकेट, हाकेच्या अंतरावर दुसरी होडी, आणि पर्यटक एकही नाही. आजार माहीत असलेल्या मशीनवर गिऱ्हाईक बसवणं हा धंदा नव्हे.

बंद कसं पडतं?

हे नीट ऐकलं तर अर्धं काम झालं. मशीन दिव्याचं बटण बंद केल्यासारखं एका झटक्यात गप्प झालं, तर विजेकडे बघा. आधी रेस कमी-जास्त झाली, खोकलं, ओढ गेली आणि मग थांबलं, तर पेट्रोलकडे बघा. आवाज जड होत गेला, वेग आपोआप उतरला आणि बंद पडल्यावर दोरी घट्ट लागत असेल, तर मशीन तापलंय. अशा वेळी ते पुन्हा सुरू करायचा प्रयत्नच करू नका, पिस्टन आत जाम झाला तर हजारोंचा खर्च बसतो.

आणखी एक प्रश्न विचारायचा असतो. पूर्ण रेसवर बंद पडतं की हळू चालताना? पूर्ण रेसवर पडतं पण रेस उतरवली की तगतं, याचा अर्थ पेट्रोल पुरत नाही. कार्ब्युरेटरच्या वाटीत मावणारं पेट्रोल पूर्ण रेसवर जेमतेम अर्धा-एक मिनिट पुरतं, हळू चालताना बराच वेळ. म्हणजे मशीन ज्या क्षणी थांबलं त्याच्या आधीच मागून येणारा पुरवठा आटलेला असतो. उलट, धावताना उत्तम आणि धक्क्याला लागताना, रेस सोडली की बंद, असं असेल तर कार्ब्युरेटरचा बारीक जेट, म्हणजे पेट्रोल मापून सोडणारं भोक, तुंबलेला असण्याची शक्यता मोठी. तिथे मात्र मिस्त्रीचं पहिलं निदान बरोबर ठरतं.

बल्ब दाबा

नळीवरचा रबरी बल्ब आपण सकाळी मशीन सुरू करताना दाबतो आणि विसरतो. खरं तर मशीनचा रोग सांगणारं सगळ्यात चांगलं साधन तेच आहे, आणि ते फुकट आहे.

दोन माणसं लागतात. एकाने रेस धरायची, दुसऱ्याने बल्बवर हात ठेवून बसायचं. मशीन दबायला लागलं की रेस न बदलता बल्ब दाबत राहायचा आणि हाताला काय लागतं ते बघायचं.

दाबल्यावर मशीनने लगेच उचल खाल्ली आणि बल्ब प्रत्येक वेळी नीट भरत असेल, तर टाकीकडची वाट मोकळी आहे. मशीनवरचा पेट्रोलचा पंप कमी ओढतोय किंवा वाटेत कुठेतरी हवा घुसतेय. बल्ब चपटा झालेला असेल, आत ओढल्यासारखा, आणि सोडल्यावर फुगत नसेल, तर अडथळा बल्बच्या मागे आहे, टाकीच्या बाजूला. बल्ब दगडासारखा कडक आहे आणि दाबूनही मशीन मरतंय, तर पेट्रोल कार्ब्युरेटरच्या दारापर्यंत पोचलंय. आता टाकी, नळी सगळं निर्दोष, पुढे बघा. चौथा प्रकार म्हणजे कितीही दाबला तरी कडकच न होणारा बल्ब. त्यात एकतर बल्बच्या आतल्या झडपा गेलेल्या असतात, किंवा जोडातून हवा येते, किंवा वाटी भरली की पेट्रोल अडवणारी कार्ब्युरेटरची सुई बसत नसल्यामुळे पेट्रोल वाहून जातं; मशीनचं झाकण काढलं की खाली ओल दिसते.

बल्बवरचा बाण मशीनकडेच हवा, आणि दाबताना बल्ब उभा धरायचा, बाण वर. आडवा धरला तर झडपा धड बसत नाहीत आणि चाचणी फसवते.

बल्ब चपटा सापडला तर

सगळ्यात आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू. लाट उडते, पावसाचं पाणी जातं, पेट्रोल सांडतं म्हणून तो घट्ट केला जातो आणि निघताना उघडायचा राहतो. पेट्रोल जसं ओढलं जातं तशी टाकीत हवा आली पाहिजे. ती आली नाही की टाकीच पेट्रोल मागे धरून ठेवते. गंमत अशी की टाकी काठोकाठ भरलेली असताना मशीन लवकर बंद पडतं आणि अर्धी असताना उशिरा, कारण भरलेल्या टाकीत वर हवेला जागाच कमी असते. म्हणूनच हा दोष कधी येतो, कधी येत नाही असं वाटतं आणि माणूस चकतो. मशीन बंद पडताक्षणी झाकण सैल करा. सुस्स करून हवा आत गेली तर निकाल लागला. स्क्रू उघडा असूनही असं होत असेल तर त्याचं भोक मीठ आणि मातीने बुजलेलं असतं, ते साफ करा.

झाकण उघडून आवाज आला नाही, तरी बल्ब चपटाच, तर टाकीतली ओढनळी बाहेर काढा. तिच्या टोकाला बारीक जाळी असते. जाळीला चिकटलेला गाळ, टाकीच्या आतून सुटलेले पापुद्रे, कधी झाकणाच्या आतला तुटका रबर. होडी हलली की कचरा जाळीवर येतो, मशीन थांबलं की ओढ संपते आणि तो पुन्हा तळाला बसतो. पाच मिनिटांनी मशीन आपोआप 'बरं' होण्याचं हे एक कारण.

दुसरं कारण मी मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण ते कोणाच्या डोक्यात येत नाही.

देवबागच्या एका होडीवाल्याचं १५ हॉर्सपॉवरचं मशीन होतं. प्लग नवे, कार्ब्युरेटर साफ, पंपाचा पडदा नवा, टाकीसुद्धा बदललेली. तरी पूर्ण रेसवर काही वेळ गेला की मशीन दबायचं. खाडीत नेऊन बल्बवर हात ठेवला, तर दबताना बल्ब हळूहळू आत जात होता. झाकण उघडं होतं, जाळी स्वच्छ होती. राहिली फक्त टाकी ते बल्ब एवढी हातभर नळी. बाहेरून ती चांगली दिसत होती, ना चीर ना गळती. तिच्यात फुंकर मारली तर हवा सहज जात होती. तोंडाने ओढून बघितली असती तर काय झालं असतं ते कळायला नळी ब्लेडने उभी चिरावी लागली. आतला काळा थर बाहेरच्या थरापासून सुटून जिभेसारखा लोंबत होता. मंद ओढीला तो बाजूला राहायचा, जोराची ओढ आली की नळीचं तोंड बंद करायचा, ओढ थांबली की मागे यायचा. फुंकर मारून नळी तपासणाऱ्याला हे कधीच सापडणार नाही, कारण फुंकर त्या जिभेला भिंतीला चिकटवते. (पेट्रोलची नळी तोंडाने ओढून बघायची नसतेच, हे वेगळं सांगायला नको.) नळी बदलली, मशीन सुधारलं. त्याआधी त्याने मशीनवर जे बदललं होतं ते सगळं विनाकारण.

म्हणून शंका आली की सरळ दुसरी टाकी आणि दुसरी नळी लावून चालवा. शेजारच्या होडीवरची चालू स्थितीतली, ताज्या पेट्रोलसकट, मागून आणा. जोड तुमच्या मशीनला बसणारा आणि पेट्रोलमध्ये तेल मिसळलेलं आहे एवढं बघा. दोष गेला तर तो तुमच्या टाकीत किंवा नळीत आहे, राहिला तर मशीनमध्ये. एका फेरीत निम्मा प्रश्न संपतो. सुटे भाग एकेक विकत आणून बदलण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

हवा घुसते तेव्हा थेंब गळत नाही

मशीन चालू असताना या नळीत दाब नसतो, ओढ असते. त्यामुळे जोड सैल असला तरी पेट्रोल बाहेर येत नाही, हवा आत जाते. "कुठे ओलं नाही म्हणजे गळती नाही" हा हिशेब इथे चालत नाही. मशीनच्या बाजूच्या खटकन बसणाऱ्या जोडात एक छोटी रबरी रिंग असते. उन्हाने आणि खाऱ्या हवेने ती कडक होते, चपटी होते. तिची किंमत नगण्य आणि तिने केलेला ताप मोठा. खात्री करायची तर पंप आणि कार्ब्युरेटरच्या मधल्या नळीच्या जागी चाचणीपुरता पारदर्शक नळीचा तुकडा लावा. पेट्रोलबरोबर बुडबुड्यांची माळ पळताना दिसली की हवा मागून कुठूनतरी येतेय हे नक्की. मग एकेक जोड हाताने दाबून धरा. ज्या जोडावर बुडबुडे थांबतात तो दोषी.

पाणी, आणि आजचं पेट्रोल

ओढनळी टाकीच्या तळापासून पेट्रोल उचलते आणि पाणीही तळालाच बसतं. शांत पाण्यात मशीन ठीक, लाटेत बंद, अशी तक्रार असेल तर आधी हेच बघा. टाकीच्या अगदी तळाचं थोडं पेट्रोल काचेच्या बरणीत घ्या आणि उजेडात ठेवा. खाली गोल थेंब किंवा वेगळा थर दिसला तर उत्तर मिळालं. कार्ब्युरेटरच्या वाटीला खाली एक स्क्रू असतो, तोही सैल करून निघालेलं पेट्रोल तसंच बघा.

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये सुमारे २० टक्के इथेनॉल असतं. अनेक आउटबोर्डच्या पुस्तिका १० टक्क्यांपर्यंतच चालेल असं सांगतात. आपल्याकडची जुनी मशीन्स तर त्याचा विचार होण्याआधीची आहेत. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. थोडं पाणी ते पोटात घेतं, पण मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी दोन्ही मिळून पेट्रोलपासून फुटतात आणि तळाला जातात. टू-स्ट्रोकसाठी हे जास्त घातक आहे, कारण मिसळलेलं तेल वरच्या पेट्रोलबरोबर राहतं. तळाचा थर ओढला गेला तर मशीन नुसतं बंद पडत नाही, तेलाविना फिरतं. असं फुटलेलं पेट्रोल ढवळून, वर ताजं ओतून सुधारत नाही. ते काढून टाका. जुन्या नळ्यांचा आतला थर सुटण्यामागेही इथेनॉल हे एक मोठं कारण आहे. नवी नळी घेताना इथेनॉलला टिकणारी, आउटबोर्डसाठीचीच मागा. मोटारसायकलची नळी किंवा बागेतला पाइप लावून वेळ मारून नेऊ नका. क्लिपा स्टेनलेसच्याच लावा.

टाकी आणि मशीनच्या मध्ये पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवला तर हा त्रास बराच कमी होतो. माझ्या मते १५ हॉर्सपॉवरच्या वरच्या प्रत्येक मशीनवर तो असलाच पाहिजे. पण फिल्टर बसवून तो बदलायचाच नाही, तर तोच अडथळा होतो.

बल्ब कडक आहे, तरी बंद

आता मशीनकडे वळा. बल्ब दाबून मशीन उचल खात होतं आणि हवाही कुठून येत नाही, तर पंपाचा पडदा काढून उजेडासमोर धरा. सुईएवढं छिद्रही पुरतं. हा पंप क्रँककेसमधल्या (पिस्टनखालच्या बंद पोकळीतल्या) दाबाच्या ठोक्यांवर चालतो, त्यामुळे पडदा फाटला की पेट्रोल थेट क्रँककेसमध्ये जातं आणि एका सिलिंडरचा प्लग ओला, काळा निघतो.

बल्ब कडक असताना मशीन दबलं तर चोक अर्धा ओढा. उचल खाल्ली तर जेट तुंबलेत. पावसाळ्यात पेट्रोल सुकून वाटीत राहिलेला चिकट पिवळा थर हेच त्याचं कारण. जेट काढून कार्ब क्लीनर आणि हवेने साफ करा. त्यात तार घालू नका, भोक मोठं झालं की ते मशीन पुन्हा कधी नीट लागत नाही.

झटक्यात गप्प होणारं मशीन

इथे सुरुवात लाल दोरीपासून. मनगटाला बांधायच्या दोरीचा चिमटा झिजला की होडी आपटल्यावर स्विच क्षणभर मोकळा होतो आणि मशीन बंद. नवा चिमटा लावून बघा. मग बंद करायच्या बटणाची वायर: खाऱ्या पाण्याने आतली तार हिरवी पडते, कधी सोलून मशीनच्या अंगाला टेकते. किनाऱ्याजवळ, चाचणीपुरती ती वायर जोडातून सोडवा आणि चालवा. दोष गेला तर बटण किंवा वायर बदला. वायर सुटलेली असताना बटणाने मशीन थांबणार नाही, चोक ओढून किंवा पेट्रोलची नळी काढून थांबवावं लागेल. ही तयारी ठेवूनच करा आणि लगेच वायर जोडा. लाल दोरी कायमची निकामी करून होडी चालवणारे मी पाहिलेत. माणूस पाण्यात पडल्यावर फिरत्या पंख्याची होडी गोल फिरून त्याच्याच अंगावर येते, म्हणून ती दोरी आहे.

ही दोन्ही ठीक असतील तर तापल्यावर मान टाकणारी कॉइल किंवा सीडीआय, म्हणजे प्लगला ठिणगी पुरवणारे विजेचे भाग. थंड असताना मल्टिमीटरवर सगळे आकडे बरोबर येतात, म्हणून मिस्त्रीही फसतो. मशीन बंद पडल्याबरोबर, ते गरम असतानाच ठिणगी बघितली पाहिजे. प्लग काढून टोपीत बसवा, त्याचं धातूचं अंग मशीनला टेकवा, प्लगच्या भोकापासून आणि पेट्रोलपासून लांब धरा आणि दोरी ओढा. गरम असताना ठिणगी नाही, थंड झाल्यावर निळी टणक ठिणगी, असं असेल तर कॉइल-सीडीआयच्या बाजूलाच दोष आहे. रात्री वरचं झाकण काढून पिंपात मशीन चालवलं तर तडकलेल्या प्लगच्या टोपीतून किंवा वायरमधून बाहेर उडणारी ठिणगी डोळ्याला दिसते. तेव्हा फिरत्या चाकापासून हात आणि सैल कपडे लांब. आणि पिंपात पाणी नसताना मशीन क्षणभरही चालवू नका, पाण्याच्या पंपाचा रबरी पंखा लगेच जळतो.

तापण्याचं थोडक्यात. मागून पडणारी पाण्याची धार बारीक झाली असेल तर आधी तिच्याच भोकात पातळ तार घालून बघा, वाळू अडकलेली असते. मग खालची पाणी ओढायची जाळी, तिथे प्लास्टिकची पिशवी चिकटते. ही दोन्ही मोकळी असतील तर रबरी पंखा बदला. उथळ, वाळूच्या पाण्यात चालणाऱ्या होड्यांवर तो लवकर झिजतो. गिअर टाकताच बंद पडत असेल तर मशीन उचलून होडी ढकलणाऱ्या मोठ्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) मागे बघा, जाळ्याचा धागा शाफ्टला गुंडाळलेला सापडतो.

फोर-स्ट्रोक, इंजेक्शनवाल्या मशीनला टाकी, झाकण, नळी, पाणी हे सगळं असंच्या असं लागू आहे. पुढे त्याचा दाबाचा पंप आणि सेन्सर यांच्यासाठी कंपनीचं यंत्र लावूनच तपासावं लागतं, अंदाजाने भाग बदलू नका.

मिस्त्रीकडे द्यायचं झालं तर "बंद पडतं" एवढंच सांगू नका. किती वेळाने, कोणत्या रेसवर, टाकी किती भरलेली होती, झटक्यात की दबत, बल्ब कसा होता, किती वेळाने सुरू झालं, हे वहीत लिहून द्या. चांगला मिस्त्री ते वाचून अर्धे भाग उघडणारच नाही.

आणि मे अखेरीस होडी वर काढताना नळी काढून मशीन गोड्या पाण्याच्या पिंपात आपोआप थांबेपर्यंत चालवा, मग वाटीचा स्क्रू उघडून उरलेलं काढा. टाकी रिकामी करून सुकवा, तिचा स्क्रू बंद ठेवा. बल्ब आणि नळी गुंडाळून सावलीत टांगा. मशीन उभंच ठेवा. सप्टेंबरात पहिलं पेट्रोल भराल तेव्हा पाच-दहा लिटरच भरा, तेल पुस्तिकेत दिलेल्या प्रमाणात, आणि पहिली फेरी खाडीतच घ्या, बल्बवर एक हात ठेवून.